माळ्यावरचा लाकडी कॅमेरा विकण्याआधी

इंदूरच्या रामबागेतल्या नाहीतर राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतून आमच्याकडे, जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांकडे, लाकडी कॅमेरा येतो, तो बहुधा आजोबांच्या स्टुडिओतला असतो. आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "याचे किती येतील?" आमचं म्हणणं, आधी विचारा, "याने अजून फोटो निघेल का?" बहुतेक वेळा निघतो. पुढे नामवंत छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ १८७०च्या दशकात याच इंदूरात बांधकाम खात्याची नोकरी करता करता असल्याच कॅमेऱ्यांकडे वळले. अशा गावात हे कॅमेरे नुसते दिवाणखान्यात शोभेला उभे राहावेत, हे आम्हाला पटत नाही.

कृपा करून त्याला पॉलिश करू नका. सागवान चकाकतं खरं, पण पॉलिश खाचांत उतरलं की मागची चौकट सरकेनाशी होते. कोरड्या मऊ कापडाने पुसलं, पुरे झालं.

भाता, म्हणजे भिंग आणि मागची काच यांच्यामधला घड्यांचा कोष, मात्र घरीच तपासता येतो. रात्री दिवे घालवा, भाता पूर्ण ओढा, आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि घडी न् घडी बाहेरून पाहा. कोपऱ्यात चांदणी चमकली की तिथे भोक आहे. दोन-चार भोकं आम्ही काळ्या कापडाची पट्टी चिकटवून बुजवतो. घड्याच विरल्या असतील तर भाता नवा करावा लागतो. वर्षानुवर्षं मिटून ठेवलेला भाता घडीवरच तडकतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी उघडत चला. पावसाळ्यात भिंग चामड्याच्या डबीत कोंडू नका, बुरशी तिथेच धरते.

जिच्यावर चित्र दिसतं त्या मागच्या घासलेल्या काचेचं माप घेऊन या. केरळात आलप्पुळाला बनलेला 'वागीश्वरी' असेल तर तो बहुधा हाफ प्लेट, म्हणजे ४¾ × ६½ इंचांचा. या मापाची फिल्म सहज मिळत नाही, ४ × ५ इंचांची मिळते. म्हणून मूळ होल्डरला, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या डबीला, धक्का न लावता आत बसेल अशी चौकट आम्ही करून देतो. फिल्म अंधारात भरताना कडेची खाच बोटाने चाचपा. फिल्म उभी धरून खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की मसाल्याची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या लेपाची, बाजू तुमच्याकडे आहे.

आणि मग राजवाड्यासमोर तिपाई रोवा. काळं कापड डोक्यावर घेतलं की सातही मजले काचेवर उलटे लटकलेले दिसतात. मान वर करून टिपतो तसा कॅमेरा तिरका करू नका, इमारत मागे कलल्यासारखी येते. कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंग बसवलेली पुढची पाटी वर सरकवा, भिंती उभ्या राहतात. ही एक सोय अजूनही आम्हाला दरवेळी नव्याने आवडते.

चेहरा अगदी जवळून घेताना हिशेब बदलतो. २१० मिलिमीटरच्या भिंगासाठी भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ओढलात तर काचेवर प्रकाश निम्माच पोचतो, म्हणून फिल्मवर प्रकाश पडू देण्याची वेळ दुप्पट द्या.

फिल्मची धुलाई घरी करणार असाल तर मे महिन्यात नळाच्या पाण्यावर विसंबू नका. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा. ट्रे बर्फाच्या परातीत ठेवा, थर्मामीटर हाताशी असू द्या.

येताना सगळे होल्डर, भिंगाचं झाकण आणि ट्रंकेत सापडलेल्या, पूर्वी फिल्मऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेटासुद्धा आणा. प्लेटा मात्र पाण्याने धुऊ नका.