अंगणातले धुके आणि पडवीतला कॅमेरा

चतुर्थी आटोपून आठवडा झाला होता. रात्री साडेदहाला पणजीहून मोबाइलवर फोंड्याच्या घराचे अंगण उघडले, तर सगळे पांढरेफटक. तुळशीवृंदावन दिसेना, फाटक दिसेना. आईला फोन लावला.

“आई, धुकं पडलंय का गं तिकडे?”

“धुकं कुठलं रे? लख्ख चांदणं आहे. इथनं वृंदावन दिसतंय मला.”

दुसऱ्या दिवशी शिडी लावून पडवीच्या वाशाला बसवलेला कॅमेरा पाहिला. भिंगासमोरून कोळ्याचा एकच धागा तिरपा गेला होता. दिवसा तो शोधूनही सापडेना, रात्री मात्र त्यानेच अख्खे अंगण झाकले होते.

अंधार पडला की कॅमेरा भिंगाभोवतीचे छोटे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लावतो. त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा ८५० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्याला साधारण ७०० पर्यंतचेच दिसते, म्हणून आपल्याला फार तर फिकट लाल ठिपके जाणवतात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. वृंदावन ५ मीटरवर आणि धागा ५ सेंटिमीटरवर, म्हणजे अंतरात १०० पटींचा फरक. तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश धाग्यापाशी १०,००० पट. तो पांढरा झगमगाट चित्रभर पसरतो, त्याला बुजून कॅमेरा चित्राचा उजेड कमी करतो आणि मागचे अंगण त्याच्याआड बुडून जाते. वाऱ्याने धागा हलला की ‘हालचाल’ म्हणून रेकॉर्डिंग सुरू होते आणि मेमरी कार्ड कोळ्याच्या जाळ्याने भरते. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या कॅमेऱ्याचेही असेच होते, तिथे प्रकाश काचेवरूनच परततो. अशा वेळी अवरक्त दिवे बंद करून अंगणातला साधा दिवा लावावा.

आमच्याकडे उपाय मऊ कोरड्या कापडाचा निघाला. शिवाय पडवीचा बल्ब कॅमेऱ्यापासून दूर हलवला. उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागून कोळी. त्यानंतर जाळे क्वचितच दिसले.

पावसातले दुखणे वेगळे. मे महिन्यात स्वच्छ दिसणारे चित्र जुलैत अडखळू लागते. राउटर माजघरात, कॅमेरा पडवीत, मध्ये चिऱ्यांची दीड फूट जाड भिंत. ह्या दगडाचे मला फार कौतुक आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकानन ह्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात अंगाडीपुरम इथे त्याचे वर्णन करून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. पण चिरा सच्छिद्र. उन्हाळ्यात त्याच्या पोकळ्यांत हवा असते, पावसाळ्यात पाणी. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन, दुसरे ऋण. रेडिओ लहर जाताना हे रेणू तिच्या तालावर वळू पाहतात आणि तिची ऊर्जा उष्णतेत जिरते. ओल्या भिंतीपलीकडे वाय-फाय अर्धमेले पोचते ते त्यामुळे.

किती अर्धमेले, हे बऱ्याच कॅमेऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये आकड्याने दिसते. उणे ६० डेसिबलच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे ८० झाले की चित्र तुटणारच. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, त्यामुळे ह्या २० च्या फरकात ती शंभरावा भाग उरते. राउटर भिंतीआडून दारासमोर आणला तरी पुष्कळ काम होते, कारण लहरीला लाकडी दार चिऱ्यापेक्षा सोपे जाते. आणखी एक गोष्ट. बरेच स्वस्त कॅमेरे वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा समजतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर नवा कॅमेरा कधी कधी जोडलाच जात नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या आणि जोडणीपुरता मोबाइल २.४ वर घ्या.

कॅमेरा फक्त रात्रीच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर माझा पहिला संशय वायरीवर जातो. अवरक्त दिवे लागताच प्रवाह वाढतो. लांब, बारीक यूएसबी वायरीचा एकूण रोध दीड ओहम धरा. अर्ध्या अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरीतच खर्च होतो आणि ५ चे सव्वाचार उरतात. दिवसा भागते, तिन्हीसांजेनंतर भागत नाही. महागडा कॅमेरा बदलण्याआधी अ‍ॅडॉप्टरसोबत आलेली आखूड वायर लावून एक रात्र पाहा.

लाईट जाऊन आल्यावर चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरला कॅमेरा सापडेनासा झाला, तर बहुतेक पत्ता बदललेला असतो. राउटर सुरू होताना घरातल्या उपकरणांना नव्याने आयपी पत्ते वाटतो आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कॅमेऱ्याच्या नावे राखून ठेवला की प्रश्न मिटतो.

आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पडवीतल्या कॅमेऱ्याला आपली आई दिसते, आपले येणे-जाणे दिसते. ह्या बाबतीत आळस मला खरेच सहन होत नाही.

शेवटी आम्ही भिंतीशी झगडणे सोडले आणि माजघरातून पडवीपर्यंत नेटवर्कची केबल ओढली. वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातात, १०० मीटरपर्यंत चालते. पण गोव्याच्या हवेत तिचे टोक उघडे ठेवू नये, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि मग जोड कधी लागतो, कधी सुटतो. जोड झाकणबंद डबीत ठेवावा. विजा कडाडू लागण्याआधीच राउटरकडचे टोक काढून ठेवायला आईला सांगितले आहे. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली वीतभर झोळ दिला आहे. पागोळीचे पाणी केबलवरून ओघळत येते, झोळाच्या तळाशी थांबते आणि तिथूनच अंगणात ठिबकते.