अर्धा स्पीकर दारात असतो

सुटा स्पीकर हातात धरून एकदा वाजवून पाहा. खोकं नाही, जाळी नाही, नुसता शंकूसारखा कागदी कोन आणि मागे चुंबक. गाणं ओळखू येतं, शब्द कळतात, पण डग्ग्याचा घुमारा कुठे गेला ते समजत नाही. आता चांगल्या दोन हात रुंदीच्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. वायर तीच, आवाजही वाढवलेला नाही, तरी खर्ज परत येतो.

गाडीत नवे स्पीकर बसवल्यावर "जुनेच बरे होते की!" म्हणणाऱ्यांची बरीचशी तक्रार या पुठ्ठ्यापाशीच मिटते.

कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे एका वेळी दोन लाटा निघतात, एकमेकींच्या नेमक्या उलट. स्पीकर सुटा असेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागची तूट भरून काढते आणि हिशेब शून्यावर येतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. तिच्यापुढे १६ सेंटीमीटरचा स्पीकर म्हणजे किस झाड की पत्ती! हवेला वळसा घालायला हवी तेवढी सवड मिळते. ५,००० हर्ट्झची लाट जेमतेम ७ सेंटीमीटरची. तिथे वळसा पुरा होण्याआधीच कोन पुन्हा मागेपुढे होऊन गेलेला असतो, म्हणून वरचे स्वर शाबूत राहतात. पुठ्ठा करतो ते इतकंच, की पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटू देत नाही.

घरातला स्पीकर खोक्यासकट येतो. गाडीचा सुटाच येतो, कारण खोक्याचं काम दार करणार असं गृहीत धरलेलं असतं. दाराला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेपर्यंत हात पोचावा म्हणून बऱ्याच गाड्यांत दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मागची लाट त्या कागदाला जुमानत नाही. ती बाहेर येते आणि दाराच्या पॅनलमागेच पुढच्या लाटेला गाठते. त्यात स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट राहिली असेल तर विचारायलाच नको.

म्हणून स्पीकर बसवण्याचं खरं काम स्पीकरच्या भोवतीचं असतं. तो लेचापेचा न होणाऱ्या कड्यावर घट्ट बसला पाहिजे, कड्याखाली फोमची पट्टी हवी आणि पत्र्यातली मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा कंपन शोषणाऱ्या डँपिंग शीटने बंद हवीत. एकच अपवाद. दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं बुजवायची नाहीत. काचेच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दारात शिरतं, ते शिरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं आणि ते याच भोकांतून निथळून जातं. ती बुजली की दार आतून गंजतं. काढलेल्या प्लास्टिकच्या कागदाचंही तसंच. तो पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही, तेव्हा त्याच्या जागी दुसरं काहीतरी नीट चिकटवायला हवं.

दाराचा दुसरा दोष म्हणजे ते स्वतःच वाजतं. कोन पुढे ढकलला जातो तेव्हा तेवढाच उलटा धक्का स्पीकरच्या सांगाड्याला आणि त्यातून पत्र्याला बसतो. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारा, 'टण्ण' ऐकू येईल. आतून ब्यूटाइल रबर आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याची शीट चिकटवली की तो 'ठक्क' होतो. पत्रा वाकतो तेव्हा दोन थरांमध्ये सापडलेलं रबर ताणलं-चोळलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत संपते. सगळं दार मढवायची गरज नसते, मोकळ्या पत्र्याच्या मधोमध लावलेला तुकडा बराच परिणाम करतो. माझं मत विचाराल तर साधा स्पीकर आणि नीट बंद केलेलं दार हे भारी स्पीकर आणि उघड्या दारापेक्षा केव्हाही सरस.

(काम सुरू करण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन पाहा. ती उतरली की नव्या स्पीकरच्या चुंबकाला अडते, हे पॅनल परत चढवल्यावर कळणं फार क्लेशदायक असतं.)

एवढं करूनही खर्ज गायब असेल तर वायर उलटी जोडली गेली असण्याची शक्यता दाट. एका दारातला कोन पुढे येत असताना दुसऱ्या दारातला मागे जातो आणि पुन्हा तोच शून्याचा हिशेब होतो, फक्त आता दोन दारांमध्ये. तपासायला १.५ व्होल्टचा साधा सेल पुरतो. स्पीकर सुटा असताना धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर टेकवा. कोन बाहेरच्या बाजूला उडी मारतो. आत गेला तर खुणा उलट्या आहेत.

आता वॅटकडे. डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर '५० वॅट × ४' असं ठसठशीत छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध ४ ओहम. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं की ५२ वॅट येतात. पण हे तेव्हाच, जेव्हा व्होल्टेज सतत एका नाहीतर दुसऱ्या टोकाला ठेचलेलं असतं. संगीताच्या दृष्टीने तो निव्वळ खरखराट. शुद्ध स्वराची लाट गोलाईने चढते-उतरते, त्यामुळे तिच्या वाट्याला बरोबर निम्मे म्हणजे २६ वॅट येतात आणि सर्किटमधली गळती वजा जाता विशीच्या आसपास. फसवणूक म्हणावी असं हे नाही, पण डब्यावरच्या आकड्याला लोक भुलतात ते भुलतातच.

वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होतो, हाही असाच गोड गैरसमज. दुप्पट वॅटने ३ डेसिबल वाढतात, कानाला जाणवेल न जाणवेल इतकेच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' पाहावी. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, ते तिथे लिहिलेलं असतं. ८८ ऐवजी ९१चा स्पीकर निवडला की न वाढवताच ॲम्प (स्पीकरला वॅट पुरवणारा ॲम्प्लिफायर) दुप्पट झाल्यासारखा. आणि ८८ डेसिबलच्या स्पीकरमध्ये दिलेल्या विजेपैकी आवाज किती होतो? अर्धा टक्काही नाही. बाकी सगळी व्हॉइस कॉइल, म्हणजे चुंबकात हलून कोन ढकलणारी तारेची गुंडाळी, तापवण्यात जाते. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली दाखवलेला हा आराखडा शंभर वर्षं टिकून आहे, पण मुळात तो आवाज काढणारा हीटरच आहे.

दाराच्या स्पीकरकडून अगदी खालचे स्वर मागूच नयेत. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला की कोनाला चौपट अंतर मागेपुढे व्हावं लागतं. १६० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल तर ८०ला चार आणि ४०ला सोळा. एवढी झेप दारातल्या स्पीकरच्या अंगात नसते. म्हणून 'हाय पास' फिल्टर (फक्त वरचे स्वर पुढे सोडणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावायचा आणि खालचं ओझं डिकीतल्या सबवूफरवर, म्हणजे खास खर्जाच्या स्पीकरवर सोपवायचं. इथे मात्र गाडी आपल्या बाजूने उभी राहते. २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब, ती केबिनमध्ये मावतच नाही. मग लाटेऐवजी सगळ्या केबिनभर एकदमच दाब चढतो-उतरतो, सायकलच्या पंपात दट्ट्या हलावा तसा. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली गाडी स्वतःच खर्ज वाढवत नेते. घरात मिळमिळीत वाटणारा छोटा सबवूफर गाडीत छाती हादरवतो तो त्यामुळे. काच खाली करा, पंपाला भोक पडतं.

सबवूफरचा ॲम्प ५०० वॅटचा असेल तर तो जोरात वाजताना ४५ अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो, म्हणून वायर जाड हवी. बॅटरीपासून वीतभर-दोन वितींवर फ्यूज हवाच. तो ॲम्प वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो वायर वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि फ्यूज ॲम्पजवळ असेल तर त्याला या गोष्टीचा पत्ताही लागत नाही.

एक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी येते, तिचा उगम आल्टरनेटरमध्ये असतो. त्याची वीज डायोडमधून सरळ केली तरी तिच्यावर बारीक लहरी उरतात. सहा ध्रुवजोड्यांच्या आल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला ३६. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल आणि पट्ट्यामुळे आल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला १,५०० लहरी होतात, म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येणारा सूर. म्युझिक सिस्टिम एका जागी आणि ॲम्प दुसऱ्या जागी अर्थ केलेला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेला असला की दोन्ही जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक राहतो आणि ही लहर सिग्नलच्या वायरवरच्या धातूच्या आवरणातून वाट काढते. फिल्टर लावण्याआधी अर्थची जागा रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून घट्ट आवळावी. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

राहिली बसायची जागा. चालकाजवळचा स्पीकर ९० सेंटीमीटरवर आणि पलीकडच्या दारातला दीड मीटरवर असेल, तर जवळचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोचतो. मेंदू आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास याने १९४९ साली हे तपशिलात मांडलं. म्हणून गायक समोर उभा न राहता चालकाजवळच्या दाराला टेकून गातो. शिवाय २८५ हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा अर्ध्या लाटेने चुकतात आणि एकमेकींना खातात, त्यात मर्दानी आवाजाचा भरीवपणा जातो. यावर उपाय म्हणजे जवळच्या स्पीकरला तेवढाच, पावणेदोन मिलिसेकंदांचा उशीर लावणं. हल्लीच्या अनेक म्युझिक सिस्टिममध्ये 'टाइम अलाइनमेंट' नावाने ही सोय असते. अंतर टेपने मोजून भरलं की गायक सरकत सरकत थेट डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहतो. शेजारच्या सीटवर बसलेल्याला मात्र तोच फरक आता दुप्पट, साडेतीन मिलिसेकंदांचा ऐकू येतो.