भाताच्या गुणसूत्रबिंदूतील पुनरावृत्ती

मृगाच्या सरींनंतर कोकणातल्या वाफ्यांत भाताचा तरवा हिरवागार होतो. लावणीसाठी तो उपटून मुळांचा चिखल धुतला, की जी पांढरी कोवळी टोके दिसतात, त्यांच्यातील पेशींचे विभाजन अखंड चालू असते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी भाताची 24 गुणसूत्रे, म्हणजे बारा जोड्या, स्वतःची प्रत तयार करतात आणि दोन्ही नव्या पेशींत नेमकी वाटली जातात. ही वाटणी गुणसूत्रबिंदूवर अवलंबून असते, कारण गुणसूत्रे ओढून नेणारे तर्कुतंतू तेथेच जोडले जातात.

एवढ्या जोखमीच्या जागी डीएनएचा मजकूर मात्र विलक्षण एकसुरी असतो. भातात सुमारे 155 अक्षरांचा ‘सेंट-ओ’ नावाचा तुकडा एकापाठोपाठ एक शेकडो, काही गुणसूत्रांत हजारो वेळा येतो. मक्यात हेच स्थान 156 अक्षरांच्या ‘सेंट-सी’चे आहे. कौलारू घराचे छप्पर उतरवल्यावर कोणते कौल कोणत्या ओळीतले हे सांगता येत नाही, तशीच अडचण हे तुकडे जुळवताना संशोधकांना आली. आठव्या गुणसूत्रात सेंट-ओचा भाग जेमतेम 65 हजार अक्षरांचा निघाला, म्हणूनच त्याचा गुणसूत्रबिंदू 2004 मध्ये वाचता आला. त्या भागात चालू स्थितीतील जनुकेही सापडली, आणि माझ्या मते हा त्या कामातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होता. सर्व बारा गुणसूत्रे सलग वाचायला मात्र लांब तुकडे वाचणारी यंत्रे यावी लागली. 2021 मध्ये इंडिका गटातील दोन चिनी वाणांबाबत ते साधले.

मग गुणसूत्रबिंदूची जागा हा मजकूरच ठरवतो का? आफ्रिकेतील ओरायझा ब्रॅकिअँथा या रानटी भातात सेंट-ओ आढळत नाही, तरीही त्याच्या पेशी व्यवस्थित विभागतात. खरी खूण असते ती डीएनए ज्याभोवती गुंडाळले जाते त्या हिस्टोन प्रथिनाच्या ‘सेंएच-3’ या खास प्रकाराची. पुनरावृत्त मजकूर त्याला सोयीची बैठक देत असावा. म्हणून त्याला निरर्थक ठरवणे योग्य नाही.

पैदासकारांच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे. 2010 मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत हे प्रथिन बदलल्यावर, संकरानंतर एका पालकाची गुणसूत्रे गळून जाऊन एकाच संचाची रोपे मिळाली. पुढे मका आणि गव्हातही हे जमले. अशा रोपाचा संच दुप्पट केला, की एरवी अनेक हंगामांच्या निवडीनंतर हाती येणारा शुद्ध वाण एक-दोन पिढ्यांत मिळतो.