छोट्या इंजिनाला टर्बो: हवेसोबत येणारी उष्णता

कसारा घाटाच्या चढाला हजार सीसीची गाडी दमली की बहुतेक जण आधी एसी बंद करतात. चढ हे दमण्याचं मोठं कारण आहेच. त्याच्या जोडीला आणखी एक कारण असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. गाडी वर येते तशी हवा विरळ होत जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. कागदावर ६७ अश्वशक्ती असलेल्या इंजिनाला त्यातली चारेक अश्वशक्ती नाशकात मिळतच नाही.

याचं कारण असं की इंजिनाची ताकद हवेवर ठरते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. तेवढी हवा नसेल तर जास्तीचं पेट्रोल वाया जातं. चार स्ट्रोकचं एक लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे मारत असेल, तर ते फार तर ३००० लिटर हवा ओढू शकतं. टर्बोचार्जर तेवढ्याच जागेत जास्त हवा दाबून भरतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम वायूंतून घेतो. पेट्रोलमधली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा याच वाटेने बाहेर जात असते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन चालवलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर त्याने ३५६ दिली.

आजचं उदाहरण घ्यायचं तर मारुतीचं ९९८ सीसीचं साधं इंजिन ६७ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) देतं आणि तेवढ्याच सीसीचं टर्बो इंजिन १००. हे आकडे पाहून जुन्या हॅचबॅकला बाहेरून टर्बो बसवून घेण्याची इच्छा होणं अगदी साहजिक आहे. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्ड (इंजिनातले गरम वायू टर्बोकडे नेणारा नळ्यांचा जोड) वेल्ड करून देणारे कुशल हातही आहेत. पण खरा प्रश्न बसवण्याचा नसून उष्णतेचा आहे.

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं तोंड तापतं. दाबलेली हवा गरम होतेच. ४० अंशांची हवा दीडपट दाबाला नेली, तर चांगल्या टर्बोतूनही ती साधारण ९५ अंशांना बाहेर पडते. गरम हवा पसरते, त्यामुळे दाब ५० टक्के वाढला तरी हवेचं वजन फक्त २७-२८ टक्के वाढतं. टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा डबा, लावून तीच हवा ५५ अंशांवर आणली, तर वाढ ४३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणूनच बंपरमागचा तो ॲल्युमिनियमचा जाळीदार डबा मला टर्बोइतकाच महत्त्वाचा वाटतो. खर्च वाचवायला तो वगळणारं किट घेऊच नये.

गरम आणि दाट मिश्रणाचा खरा धोका म्हणजे नॉकिंग. ठिणगीपासून निघालेली ज्वाला कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तिथलं मिश्रण आपोआप पेटतं आणि सिलेंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळू लागतात. ज्वालेचं तापमान २००० अंशांच्या वर असतं, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा, म्हणजे ६६० अंशांच्या आतच वितळणारा. एरवी तो टिकतो, कारण त्याच्या माथ्यावर तुलनेने थंड वायूचा एक पातळ थर बसलेला असतो. नॉकिंगच्या लाटा तो थरच पुसून टाकतात. त्यानंतर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट (सिलेंडरच्या वरच्या झाकणाखालचं सील) उडतं.

मूळ ईसीयूमुळे, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या इंजिनाच्या संगणकामुळे, प्रकरण आणखी बिघडतं. साध्या इंजिनातला दाबाचा सेन्सर बहुतेकदा वातावरणाच्या दाबाच्या आसपासच मोजू शकतो. टर्बोने दाब त्याच्या वर नेला की सेन्सर कमाल आकड्यावर अडकतो, ईसीयूला जास्तीची हवा आल्याचं कळत नाही आणि तो पेट्रोल वाढवत नाही. कमी पेट्रोलचं मिश्रण या वेळी सर्वात घातक. तेव्हा सेन्सर, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि नवीन मॅपिंग (ईसीयूमधला पेट्रोल-ठिणगीचा हिशोब) हा खर्च टर्बोच्या आधी धरायला हवा. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा इथे फायदाही आहे आणि अडचणही. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो, पण त्यात ऊर्जा कमी असल्याने इंजेक्टरवरचा भार आणखी वाढतो.

नाशिकमध्ये मॅपिंग एकाच ऋतूत करून भागत नाही. डिसेंबरच्या पहाटे निफाडला ८ अंशांची हवा मे महिन्यातल्या दुपारच्या ४० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास ११ टक्के दाट असते. थंडीत नीट चाललेली गाडी उन्हाळ्यात नॉक करू शकते, आणि उन्हाळ्यात बसवलेला इंधनाचा हिशोब थंडीत कमी पडू शकतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असेल, तरच ईसीयूला खरी परिस्थिती कळते. ठिणगी उशिरा टाकून नॉकिंग टाळता येतं खरं, पण मग एक्झॉस्ट अधिक तापतो आणि टर्बाइनला, म्हणजे त्या वायूंवर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला, ती झळ बसते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखापेक्षा जास्त फेरे मारतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुनं किंवा कमी असलं की आधी टर्बो जातो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरची मूळ वैशिष्ट्यं बदलणारे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर कारखान्यातूनच टर्बो लागलेली गाडी घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. तिचं कॉम्प्रेशन, पिस्टन, कूलिंग आणि क्लच त्या उष्णतेचा हिशोब करूनच घडवलेले असतात. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनणाऱ्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये ११९७ सीसीचं तीन सिलेंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन मिळतं.