इमारतीची तिशी भरली? स्ट्रक्चरल ऑडिटचं काय करायचं

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात आणि सोसायट्यांची पळापळ सुरू होते. खरं तर नोटिशीची वाट बघायचं कारण नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीच्या मजबुतीची तपासणी, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट, मालकानं किंवा भोगवटादारानं स्वतःहून करून घ्यायची असते. तिशी भरल्यापासून वर्षभरात स्थैर्य प्रमाणपत्र, पुढं दर १० वर्षांनी पुन्हा. टाळलं तर २५ हजार रुपये किंवा वर्षाचा घरफाळा, जे जास्त असेल तेवढा दंड.

"आमच्याकडं भोगवटा प्रमाणपत्रच नाही, मग नियम कसला?" हा ठरलेला प्रश्न. पूर्णत्वाचा दाखला, भोगवट्याची परवानगी किंवा निम्म्या क्षेत्रात प्रत्यक्ष राहायला येणं, यांतलं जे आधी घडलं तिथून वय मोजतात. १९९४ च्या दसऱ्याला निम्मी बिऱ्हाडं आली आणि दाखला १९९७ चा असला, तरी तिशी २०२४ लाच भरली.

मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, सोसायटीचा ठराव आणि जुन्या दुरुस्तीची बिलं काढून ठेवा. नकाशा हरवला असेल तर इंजिनिअर मोजमापं घेऊन नवा करतो, खर्च वाढतो इतकंच. इंजिनिअर मात्र महापालिकेकडं नोंदणी असलेलाच हवा.

खाली चहा पिऊन, वर नजर टाकून दिलेला दाखला घेऊ नका. काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या नुसत्या रिबाउंड हॅमरवरही भागत नाही. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशननं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामानं, कडक होतो आणि आकडा उगाच चांगला येतो. म्हणून अल्ट्रासोनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून केलेली), कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना) आणि फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा फवारा मागा. ताज्या फोडलेल्या जागी गुलाबी रंग आला तर ठीक; बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंजाला वाट मोकळी. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराचं पाणी ज्या पार्किंगमध्ये उभं होतं, तिथल्या कॉलमच्या पायाचं प्लास्टर काढून बघायला लावा. पेठांतल्या दगडमातीच्या वाड्यांना हॅमरचा उपयोग नाही. तिथं भिंतीत गेलेली तुळयांची टोकं आणि भिंतीचा फुगवटा बघायचा.

अहवालात इमारतीची धोक्यानुसार प्रतवारी असते. सी-१ आलं तर इमारत तातडीनं रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. इमारत रिकामी करताना भाडेकरूंनी आपल्या ताब्यातल्या क्षेत्राची मोजणी लेखी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. महापालिकेत अहवाल दाखल करताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घालून घ्या.