विसात दोन हिट: वाट पाहायची की खेळाडू बदलायचा?

रविवारी सकाळी मिसळ खायला निघण्याआधी आमच्या संगणकावरच्या बेसबॉल लीगची नवी फाइल उघडली. तिसऱ्या बेसवरच्या माझ्या बॅटरचा आठवडा असा होता: २० ॲट-बॅट, २ हिट. डोकं फिरलं. चप्पल घालता घालता त्याला वेव्हरवर (सोडून दिलेल्या खेळाडूंच्या यादीत, जिथून दुसरा कोणीही उचलू शकतो) टाकला आणि त्याच्या जागी गेल्या आठवड्यात ०.४०० ने मारणारा एक जण उचलला. पुढचं तुम्हीही सांगू शकाल. टाकलेला बॅटर इथल्याच, नाशिकच्या सिडकोतल्या एका मित्राने घेतला आणि तो हंगामाच्या शेवटी ०.२९४ वर थांबला. मी उचललेला महिनाभरात ०.२३० पर्यंत घसरला.

आमची लीग चालवणारे सर पंचवटीत राहतात. निवृत्त गणित शिक्षक. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तू खेळाडू काढलास की आकडा काढलास?"

ज्यांचा बेसबॉलशी संबंध फक्त सिनेमापुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट. हिट म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठणं; ॲट-बॅट म्हणजे वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) वगैरे वगळून बॅटरला मिळालेल्या पाळ्या. क्रिकेटसारख्या धावा मोजत नाहीत. ०.३०० म्हणजे उत्तम बॅटर. तोही दहातल्या सात वेळा बाद होऊनच परत येतो. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो, जवळपास रोज एक. आमच्या खेळाचं नाव आऊट ऑफ द पार्क बेसबॉल, मार्कुस हाइनझोन यांनी १९९९ मध्ये आणलेला. सामने संगणक खेळतो. आपण कोणाला खेळवायचं, कोणाला विकायचं, कोणाला टाकायचं ते ठरवतो. म्हणजे हाताशी दोनच गोष्टी: थांबणं आणि बदलणं.

पण यातलं काहीही कोणी कशामुळे केलं, यात लोकांची गल्लत होते. दोन महिने संघ जसाच्या तसा ठेवलेला माणूस संयमी असेल, किंवा त्याने फाइलच उघडली नसेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दर आठवड्याला चार खेळाडू बदलणारा कष्टाळू असेल, किंवा नुसता घाबरलेला. तेही वरून ओळखू येत नाही.

माझ्या त्या विसात दोनचा हिशेब सरांनी वहीत मांडून दाखवला. ज्याची खरी ताकद ०.३०० आहे अशा बॅटरला २० ॲट-बॅटमध्ये दोन किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता साडेतीन टक्के. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण हंगामात त्याला साडेपाचशे ॲट-बॅट मिळतात, म्हणजे विसाचे सत्तावीस गठ्ठे. सत्तावीसला साडेतीन टक्क्यांनी गुणा: जवळपास एक. म्हणजे चांगल्या बॅटरच्याही हंगामात सरासरी असा एक आठवडा असतो, तो फक्त कधी येईल ते माहीत नसतं. माझ्या बाबतीत तो मिसळीच्या रविवारी आला.

आता उलटी बाजू, आणि मला हीच जास्त झोंबली. ०.२४० चा सुमार बॅटर २० ॲट-बॅटमध्ये आठ किंवा जास्त हिट मारण्याची शक्यता आठ टक्के. एकाच माणसाकडे बघत असाल तर विशेष काही नाही. पण वेव्हरच्या यादीत असे बारा जण पडलेले असतील, तर त्यातला किमान एक तरी ०.४०० वर दिसण्याची शक्यता पासष्ट टक्क्यांच्या आसपास जाते. आपण यादी लावतो आकड्यांप्रमाणे, वरून खाली. सगळ्यात वर असतो तो त्या आठवड्यापुरता नशीबवान. त्यालाच आपण उचलतो. आणि ज्याला टाकतो तो त्या आठवड्यापुरता कमनशिबी असतो. म्हणजे दर फेरबदलात आपण पडत्या भावाला विकतो आणि चढत्या भावाला घेतो, अगदी नेमाने. लासलगावच्या बाजारात कोणी असा धंदा केला तर त्याला घरच्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीच्या किल्ल्या दिल्या नसत्या.

शंभर ॲट-बॅट झाले तरी फार काही कळत नाही. खऱ्या ०.३०० च्या बॅटरचा आकडा तेव्हा तीनातून दोन वेळा ०.२५४ ते ०.३४६ या पट्ट्यात कुठेतरी असतो. एका टोकाला बाकावर बसवावासा वाटणारा, दुसऱ्या टोकाला ऑल-स्टार, आणि माणूस एकच.

फासे आणि पत्त्यांचे जुने खेळ पाहिले तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये काढलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं. पहिला फासा एक ते तीन पडला तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, चार ते सहा पडला तर समोरच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या कार्डावर. म्हणजे निम्म्या वेळा तुमच्या बॅटरचं कार्ड उघडलंच जात नाही. त्यावरचे आकडे छापील आहेत, ते हंगामभर बदलत नाहीत. तिथे "त्याचा फॉर्म गेला" या वाक्याला अर्थच नाही. पुठ्ठ्याचा फॉर्म कसा जाईल?

नेमका इथे खेळाचा प्रकार आडवा येतो, आणि बरेच जण तो लक्षातच घेत नाहीत. छापील कार्डाच्या लीगमध्ये खराब आठवडा म्हणजे फक्त फासे; निव्वळ ॲव्हरेज पडलं म्हणून काढणं तिथे शुद्ध वेडेपणा. खऱ्या खेळाडूंच्या रोजच्या कामगिरीवर चालणाऱ्या फँटसी लीगमध्ये (डॅनियल ओक्रेंट आणि मित्रमंडळींनी १९८० मध्ये सुरू केलेल्या रोटिसरी लीगपासून ही परंपरा) चित्र वेगळं: तिथला माणूस हाडामांसाचा आहे, त्याचा खांदा दुखत असू शकतो, त्याने बॅट फिरवण्याची पद्धत बदललेली असू शकते. होझे बाउतिस्ता या बॅटरचे २००९ मध्ये १३ होम रन होते. त्या हंगामाच्या शेवटाकडे त्याने आपला स्विंग बदलला आणि २०१० मध्ये ५४ मारले. तो चढ फाशांचा नव्हता. आमचा संगणकावरचा खेळ या दोघांच्या मधे बसतो: गुण आतून बदलतात, वयाने, दुखापतीने, सरावाने, पण ते आठवड्याच्या ॲव्हरेजवरून कळत नाहीत. त्यासाठी खेळाडूचं पान उघडावं लागतं.

पान न उघडता थांबणं म्हणजे काय, ते मी स्वतःच करून दाखवलं आहे. तिसऱ्या बेसच्या प्रकरणानंतर मी संयमाची शपथ घेतली आणि पुढच्या हंगामात एका पस्तिशीच्या पिचरला मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत हात लावला नाही. तो मार खात होता. मी लीगच्या ग्रुपवर ऐटीत लिहायचो, "नमुना लहान आहे." शेवटी सरांनीच त्याचं पान उघडायला लावलं. त्याच्या चेंडूचा वेग ताशी ९४-९६ मैलांवरून ९०-९२ वर आलेला होता, तोही हंगाम सुरू होण्याआधीच. चार महिने ते तिथे लिहिलेलं होतं.

आमच्या लीगमध्ये निफाडचा एक शेतकरी मित्र आहे. त्याला हे ऐकून हसू आवरेना. उन्हाळी कांदा चाळीत ठेवतात तो भाव येईपर्यंत थांबण्यासाठीच, पण म्हणून कोणी चाळीला कुलूप लावून गावाला जात नाही. "मधून मधून निवडावा लागतो भाऊ. एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो." माझ्या पिचरला लवकर बाहेर काढावं लागायचं, मग उरलेले डाव बुलपेनला, म्हणजे राखीव पिचरांना टाकावे लागायचे आणि दुसऱ्या दिवशी तेही थकलेले. शेजारचे चार गेलेच होते.

मग बदलायचं कधी? यावर लांबलचक यादी देता येईल, पण माझ्या मते मुद्दा एकच: बदलाचं कारण निकालाच्या आधीपासून खरं असलं पाहिजे. पिचरचा वेग, वय, दुखापत. डावखुऱ्या पिचरसमोर सतत अडखळणारा डावखुरा बॅटर. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये, जिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथल्या संघात ज्याच्या चेंडूंवर उंच फटके बसतात असा पिचर. ही सगळी कारणं खेळाडू ०.३५० ने मारत असला किंवा चार सामने ओळीने जिंकत असला तरी खरीच राहतात. तुमचं कारण त्याच्या चांगल्या आठवड्यात विरघळत असेल, तर ते कारण नव्हतं.

ॲव्हरेजपेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) आणि वॉक यांचं प्रमाण लवकर स्थिरावतं, ते बघत राहणं फायद्याचं. बॅटला लागून मैदानातच राहिलेल्या चेंडूचं हिट होणं न होणं यावर पिचरचा ताबा फार कमी असतो, हे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ च्या सुमारास मांडलं तेव्हा भलेभले चिडले होते. आज चांगले सिम्युलेशन खेळ हा विचार धरूनच चालतात.

खऱ्या बेसबॉलमधले दाखले लोक दोन्ही बाजूंनी फेकतात. मला त्यातले तीन आवडतात, कारण तिन्ही वाटतात तितके सरळ नाहीत.

१९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स पहिले ६ सामने हरले आणि मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढण्यात आलं. फ्रँक रॉबिन्सन आले. संघ आणखी १५ सामने ओळीने हरला, ०-२१. हंगाम संपला तेव्हा विजय ५४, पराभव १०७. बदल निरुपयोगी होता, पण थांबूनही काही झालं नसतं. संघच तसा होता, आणि ते सहा सामन्यांवरून ठरवायची गरज नव्हती.

१९६४ च्या जूनमध्ये शिकागो कब्जने पंचविशीला टेकलेला लू ब्रॉक सेंट लुईस कार्डिनल्सला देऊन टाकला. त्या हंगामात कब्जसाठी ५२ सामन्यांत त्याचं ॲव्हरेज ०.२५१ होतं. कार्डिनल्ससाठी उरलेल्या १०३ सामन्यांत ०.३४८, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अंतिम विजेतेपद. बदल्यात आलेल्या अर्नी ब्रॉग्लिओ या पिचरचं कोपर बिघडलं. ही गोष्ट उतावळेपणाची म्हणून सांगतात. पण गंमत बघा, कार्डिनल्सनेही त्याच दिवशी फेरबदलच केला होता. एकाच ट्रेडमध्ये एक बाजू आकडा विकत होती आणि दुसरी बाजू पाय विकत घेत होती, धावून बेस चोरणारे पाय, जे ०.२५१ मध्ये दिसत नव्हते.

तिसरा दाखला २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सचा. ५० सामन्यांनंतर १९ विजय, ३१ पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना काढा म्हणून ओरड झाली, त्यांना ठेवलं आणि संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. संयमाचा धडा म्हणून हे नेहमी ऐकवलं जातं. ऐकवणारे एक विसरतात: त्यांचं बुलपेन खरंच कच्चं होतं आणि ३१ जुलैला त्यांनी टोरोंटोकडून डॅनियल हडसन हा पिचर आणला. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्याचा शेवटचा बळी त्यानेच घेतला. गाभा हलवला नाही, भोक मात्र बुजवलं.

या हंगामात मी एक वही केली आहे, सरांच्या सांगण्यावरून. कोणालाही काढण्याआधी कारण एका ओळीत लिहायचं, आणि त्या ओळीत 'ॲव्हरेज' हा शब्द येऊ द्यायचा नाही. 'आजकाल', 'सध्या' हेही मी स्वतःहून बंद केले. आतापर्यंत तीन ओळी झाल्या आहेत. एक राखीव कॅचर गेला कारण सलग दोन दिवस खेळवला की तो दमतो. एक पिचर घरच्या मैदानाला चालेना. एक सौदा माझ्याकडे दुसऱ्या बेसवरचे दोन खेळाडू झाले म्हणून.

चौथ्या ओळीवर माझ्या शॉर्टस्टॉपचं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचं) नाव लिहून ठेवलं आहे. ९० ॲट-बॅट, १८ हिट, ०.२००. त्याचं पान दोनदा उघडलं: गुण तेच, स्ट्राइकआउट तेवढेच, वॉक तर थोडे वाढलेत, वय २६. ०.२६० च्या बॅटरला इतके वाईट नव्वद ॲट-बॅट आठातून एकदा तरी येतातच, असं सरांनी समासात लिहिलंय. सिडकोवाला मित्र रोज विचारतो, "टाकतोयस ना त्याला?" नावापुढची जागा अजून कोरीच आहे, आणि रात्री नवी फाइल यायची आहे.