दूध संस्थेचे सभासद व्हायचे आहे? अर्ज नेमका इथे अडतो

2024 मध्ये गायीच्या दुधाला सरकारने लिटरमागे आधी 5 रुपये आणि 1 ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान दिले. रोज सहकारी दूध संस्थेत दूध घालूनही आमच्या वाडीतल्या तीन घरांना त्यातला रुपया मिळाला नाही. कारण दूध सासऱ्यांच्या कोडवर (संस्थेतल्या खाते क्रमांकावर), गायीच्या कानातला बिल्ला दिराच्या नावावर आणि आधार जोडलेले खाते सुनेचे. आता तीच माणसे सभासद व्हायला निघाली आहेत आणि पुन्हा त्याच नावांच्या गुंत्यात अडकत आहेत.

पात्रता साधी आहे. वय 18 पूर्ण, संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणे आणि स्वतःचे दुभते जनावर. आधार, पासबुक, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, दोन फोटो, प्रवेश फी आणि भागाची (शेअरची) रक्कम, एवढ्यावर अर्ज होतो. सातबारा मागितला तर पोटनियमात (संस्थेच्या लेखी नियमावलीत) तशी अट कुठे आहे, ते दाखवायला सांगा. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यातली निम्मी माणसे मुंबईला. त्यासाठी बायकांना हेलपाटे घालायला लावणे मला पटत नाही. दूध गाय देते, सातबारा नव्हे.

खरी अडचण जनावराच्या मालकीची. घाटावरून आणलेल्या गायीची पावती कुणाकडेच नसते. माहेरहून आलेल्या पाडीची तर नसतेच. त्यावर उपाय म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा 12 अंकी नंबर घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि ऑनलाइन नोंदीत मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. विकत घेतलेल्या गायीवर बहुतेक वेळा विकणाऱ्याचेच नाव राहिलेले असते. मालकीबदल तिथेच करून घ्या आणि नोंदीची छापील प्रत मागा. हे काम अर्जाच्या आधी करा.

दुसरी गाठ वारसांची. आमच्या शेजारच्या वहिनी रोज सकाळी सात लिटर दूध घालतात. हातातल्या चिठ्ठीवर फॅट 3.6, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.3 आणि नाव चार वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचे. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे संस्थेतले भागही आपल्या नावावर आले, अशी त्यांची समजूत होती. तसे होत नाही. भागांसाठी संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे नामनिर्देशन, म्हणजे आपल्यामागे भाग कोणाला द्यायचे ते सभासदाने लिहून दिलेले, असेल तर भाग त्या व्यक्तीकडे जातात. नसेल तर व्यवस्थापक समितीला जो वारस दिसेल त्याच्याकडे, आणि त्याने स्वतः सभासद व्हायला हवे. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि बाकीच्यांची संमतीपत्रे जोडा. मुंबईच्या भावांच्या सह्या गणपतीत सगळे घरी असतानाच घेऊन ठेवा, नाहीतर शिमग्यापर्यंत थांबावे लागते. वहिनींना तर कोर्टाचा वारस दाखला आणायला सांगितले गेले होते. वाद नसताना एवढ्या थोड्या रकमेसाठी गरीब बाईला कोर्टाची पायरी का चढायला लावायची?

भागाच्या पैशांबाबत डोळे उघडे ठेवा. एकरकमी भरणे जमत नसेल तर काही ठिकाणी बिलातून कपात करतात. समजा लिटरला 50 पैसे कापले. सहा लिटरवाल्याचे दहा दिवसांच्या बिलातून 30 रुपये गेले आणि हजार रुपये जमायला अकरा महिने लागले. एवढे करून ती कपात ‘ठेव’ म्हणून लिहिलेली निघाली तर सभासदत्व मिळतच नाही. ठेव वेगळी, भाग वेगळा. बिलावर ‘भाग’ किंवा ‘शेअर्स’ असाच शब्द आहे ना, ते दर महिन्याला पाहा. रक्कम पूर्ण झाली की भाग दाखला मागून घ्या.

आता मुदती. सर्वांत जास्त माणसे इथे हरतात. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तुम्ही सभासद झालात असे मानले जाते. पण हे तीन महिने मोजायचे कुठून? पोच असेल तरच मोजता येतात. सचिव ओळखीचा आहे, आपण त्याला काका म्हणतो, म्हणून अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्याच. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर अर्ज आणि रक्कम निबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे) द्या. ते 30 दिवसांत संस्थेकडे पाठवतात आणि पुढे 60 दिवसांत संस्थेने काही कळवले नाही तर तुम्ही सभासद ठरता.

अर्ज नामंजूर झाला तर अपिलाला 60 दिवस मिळतात. हे दिवस संस्थेने निर्णय घेतलेल्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. पत्र पंधरा दिवस उशिरा आले तर ते पंधरा दिवस गेलेच. म्हणून पत्र फोडल्यावर आधी ठरावाची तारीख बघा.

सभासद झाल्यावर एक काळजी घ्या. वर्षाला किमान किती दूध घालायचे हे पोटनियमात पाहून ठेवा. मे महिन्यात चाकरमानी आले की रतीबाला चांगला दर मिळतो आणि संस्थेचे दूध बंद होते. मिळणारे दोन पैसे कोणी सोडावेत असे मी म्हणणार नाही, पण एक-दोन लिटर तरी रोज संस्थेत जाऊ द्या आणि त्या चिठ्ठ्या भाग दाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवा.